एकमेव गाडी

जुन्या जपानी मोटरसायकली पारखणं हा माझा धंदा. टाकी कुरवाळत व्यापारी म्हणाला, "गिअर बघा, पायाशी नाही, हाताशी! कंपनीने चाचणीपुरती बनवलेली एकमेव गाडी."

या लोकांना प्रत्येक भंगार एकमेव वाटतं. मी वाकून पाहिलं. गिअरच्या दांड्याखालचं ओबडधोबड वेल्डिंग माझंच होतं. बाबांचा डावा पाय गेला, तेव्हा मीच गिअर वर आणून दिला होता. धाकट्या भावाने तर गाडी मोडीत काढल्याचं सांगितलं होतं.

"विकणारा काय म्हणाला?"

"त्याचे वडील त्याच कंपनीत इंजिनिअर होते."

बाबांनी जन्मभर टपाल वाटलं. "त्याला थोरला भाऊ आहे. त्याला विचारा."

"होता, म्हणे. गेल्याच वर्षी वारला."