सात वर्षांची साक्षीदार

आसावरीच्या अमेरिकन सासूबाई शेवटच्या आजारात एकच हट्ट धरून होत्या. तीनशे वर्षांपूर्वी चेटकीण ठरवून फाशी दिलेल्या आपल्या घराण्यातल्या एका पूर्वज बाईविरुद्ध साक्ष कोणी दिली, ते त्यांना कळायला हवं होतं. म्हणून आसावरी सात वर्षांच्या लेकीला, रेवाला, घेऊन बॉस्टनजवळच्या कोर्टाचे जुने कागद बघायला आली. साक्षीदार सापडली: त्या बाईचीच सात वर्षांची मुलगी. सासूबाईंचं घराणं तिच्यापासूनच पुढे चाललं होतं. "आई काळ्या पक्ष्याशी बोलते," तिचं एवढंच वाक्य पुरलं होतं. सासूबाईंना फोन लावायचा धीर आसावरीला होईना. शेजारी चित्र रंगवणारी रेवा मान वर न करता म्हणाली, "मम्मा, ग्रँडमाला सांग, त्या मुलीला खोटं बोलायचं नव्हतं. ते म्हणाले, बोललीस तर आईला घरी सोडू." आसावरीनं कागद मोठ्यानं वाचलाच नव्हता, आणि त्यात हे लिहिलेलंही नव्हतं.