बाईंच्या नावावर

"कोर्टानं नेमलेले रिसीव्हर बक्षीसपत्र रद्द करायचा अर्ज करायला तयार नाहीत," न्यायाधीश म्हणाले. "पण ज्याचं येणं मंजूर झालंय, असा कुणीही घेणेकरी कोर्टाच्या परवानगीनं अर्ज करू शकतो. आहे कुणी?"

उस्मानाबादच्या त्या कोर्टात ईट गावचे शेतकरी भिंतीला टेकून उभे होते. रामकिसन अडत्याच्या दुकानात त्यांनी वर्षाच्या शेंगा घातल्या होत्या. पैसे हातात पडायच्या आतच शेठनं नादारीची, म्हणजे दिवाळं निघाल्याची, दरखास्त दिली. त्याआधी दुकान आणि घर, दोन्ही बक्षीसपत्रानं बायकोच्या नावावर करून टाकलं. ते बक्षीसपत्र रद्द झालं, तरच शेतकऱ्यांच्या पदरात काही पडणार होतं.

म्हाताऱ्या ज्ञानोबांनी पटका काढून हातात घेतला.

"शेठच्या इरुद्ध हजारदा अंगठा देतो, साहेब. पण कागुद बाईंच्या नावावर हाय. बाजारच्या दिशी त्यांच्या हातची भाकर खाल्ली आमी. त्यास्नी कोर्टात कसं वढावं?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. रामकिसनशेठ उपरण्यानं वारा घेत बसले होते. ही माणसं असंच म्हणणार, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शेठच्या पत्नी द्वारकाबाई उठल्या. नाव त्यांचं असल्यानं कोर्टानं त्यांनाही बोलावलं होतं. शेठच्या ओसरीवर दर एकादशीला कीर्तन होई. शेठ बुवांच्या गळ्यात हार घालून निजायला जात. द्वारकाबाई आरतीपर्यंत खांबाशी बसून ऐकत. ऐकतो तर आपणही. मान डोलावतो, बुक्का लावून घरी येतो आणि निजतो. या माउलीनं मात्र ऐकलेलं जपून ठेवलं होतं.

घेणेकऱ्यांत आपलं नाव आहे का, असं त्यांनी विचारलं. शेठचा वकील हसला. आहे म्हणजे काय, पहिलंच आहे, शेठनीच घातलंय. शेठचं डोकंच तसं. घर तर बायकोकडे गेलंच होतं. उरल्यासुरल्या मालातही तिचा वाटा लागावा म्हणून तिच्या पाटल्या-गोठांचं येणं त्यांनी सगळ्यांच्या वर लावलं होतं आणि मंजूरही करून घेतलं होतं.

सोनं खरंच दिलं होतं का, न्यायाधीशांनी विचारलं.

"दिलं होतं. दुकान उघडताना अंगावरचं उतरवून दिलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तर मग मी घेणेकरीण. अर्ज मी करते."

शेठचा उपरण्याचा हात जागीच थांबला. खाली बस, येड लागलं का, असं ते दातांतल्या दातांत पुटपुटले. बाईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

पेशकारानं टाक बुडवला. अर्जदार म्हणून द्वारकाबाईंचं नाव लिहिलं. सामनेवाल्यांत आधी शेठचं लिहिलं आणि मान वर न करता, सवयीनं विचारलं, मालमत्ता ज्यांच्याकडं गेली त्यांचं नाव?

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तेच. माझंच."

टाक तसाच अधांतरी राहिला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. हे घर गेल्यावर तुम्ही राहाल कुठं, असं त्यांनी हळूच विचारलं.

द्वारकाबाई भिंतीकडं वळल्या.

"ज्ञानोबा, येत्या बाजारी सगळ्यांनी जेवायला यायचं. नवं घर कुठं हाय, तेवढं विचारत या."