काविळीचा पाला

तानूबाईंनी दुखरा गुडघा दाबत सुनेला हाक मारली. अंगणात कावीळ झालेली एक पोर बापाला टेकून बसली होती.

“हौसा, आजपासनं पाला आणायला तू जायचंस. माझ्यानं आता डोंगर चढवत नाही.”

हौसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पहाटेपासून पाणी, धारा, भाकरी, सासऱ्यांचं पथ्य. तिनं पाठ टेकली नव्हती. त्यात आता डोंगर, आणि तोही मुक्यानं. घरातून निघाल्यापासून पाला रोग्याच्या हातात पडेपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही, नाहीतर गुण येत नाही, अशी रीत होती. पाल्याला निघालेल्या बाईला कुणी हाकही मारायची नाही.

तानूबाई तिला गोठ्यामागं घेऊन गेल्या आणि कुंपणावर पसरलेली वेल दाखवली. “हीच ती.”

“इथंच आहे?” हौसा भडकली. “मग आत्याबाई, इतकी वर्षं डोंगरापर्यंत तंगडतोड कशाला करत होता?”

“वर एक आंबा आहे. त्याच्याखाली बसायला.” तानूबाई हळूच म्हणाल्या. “तेवढा वेळ मला कुणी काही मागत नव्हतं. पाला दिवस मावळतानाच पोटात घ्यायचा असतो. पोरीचं काही अडत नाही.”

हौसानं पाला खुडून पदरात बांधला.

ती अंगणात आली तशी आतून नवऱ्याची हाक आली, “अगं, चहा टाक की!”

हौसानं ओठांवर बोट ठेवलं आणि डोंगराची वाट धरली.