सावत्र हात

विश्राम कचेरीतून घरी आला तेव्हा सहा वर्षांची नीला कण्हत पडली होती. तिचा उजवा गाल टम्म सुजला होता आणि विश्रामची नवी बायको सरोज त्यावर आंबेहळदीचा लेप लावत होती.

"मुका मार लपवायला बरी सुचली हो आंबेहळद!" दारातून शेजारच्या काकू म्हणाल्या. "सावत्र हात तो सावत्रच."

विश्रामचं डोकंच फिरलं. सरोजचा अंबाडा धरून त्याने तिला दाराच्या चौकटीवर आपटलं आणि तोंड फुटेस्तोवर मारलं.

"अहो, मी बोटसुद्धा नाही लावलं हो तिला!" ती ओरडत होती. नीला नुसतीच रडत होती. जबडाच उघडत नव्हता, तर पोर सांगणार काय?

सकाळी नीलाचा डावा गालही फुगला. विश्राम घाबरला आणि पारनाक्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आला.

"गालगुंड आहे," डॉक्टर म्हणाले. "अख्ख्या कल्याणात साथ आलीय."

निघता निघता त्यांची नजर चुलीपाशी बसलेल्या सरोजच्या सुजलेल्या तोंडाकडे गेली.



"अरेरे! लेकीचं करता करता यांनाही झालं वाटतं."