साहेबांचाच प्रश्न

विरोधी बाकावरून उठून आरोग्यमंत्री होऊन साहेबांना जेमतेम नऊ दिवस झाले होते. सचिवांनी उद्याच्या प्रश्नोत्तरांची फाइल उघडली आणि घसा खाकरला.

"पहिलाच प्रश्न तुमच्या गावच्या दवाखान्याचा आहे, साहेब. 'तिथे दोन वर्षे डॉक्टर नाही, हे खरे आहे काय?'"

"आमच्या गावाचा एवढा पुळका कुणाला आलाय?"

"खाली पाच आमदारांच्या सह्या आहेत. पहिली तुमचीच."

साहेबांनी चहा संपवला. "लिहा. हे खरे नाही."

तेवढ्यात गावाहून थोरल्या बहिणीचा फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला. "अरे, आईच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात घेऊन आलेय, तर इथे नुसता शिपाई बसलाय. डॉक्टरचा पत्ता नाही."

"तिथे थांबू नकोस, ताई. गाडी कर आणि तिला थेट इकडे शहरात आण."

साहेबांनी फोन ठेवला. "ते उत्तर बदला," ते हळूच म्हणाले.

सव्वीस वर्षं 'हे खरे नाही' लिहीत आलेल्या सचिवांना भरून आलं. त्यांनी ओळ खोडली. "काय लिहू?"

"शिपाई होता म्हणाली ना ती? लिहा, हे अंशतः खरे आहे."