माघारीच्या दिवशी दाढी

मगनने आमदार ज्ञानेश्वर भाऊंच्या गालांना साबण लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनला उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपणार होती. पाऊण तास होता.

सलून चाळीसगावच्या तहसील कचेरीच्या अगदी समोर. आत कोण बसलंय ते काचेतून रस्त्यावर दिसत होतं, आणि लोक बघतही होते. पक्षाने तिकीट कापलं आणि अपक्ष अर्ज भरला, की माणूस या दिवशी फोन बंद करून गायब होतो. तशी रीतच आहे. भाऊंच्या पत्नी हेमांगीवहिनींनीही धुळ्याला भावाकडे जायची बॅग भरून दारात ठेवली होती. भाऊ मात्र ती ओलांडून इथे आले होते.

जीवराम आबा जळगावहून गाडी पळवत आले. केळीच्या धंद्यातले भाऊंचे जुने भागीदार, म्हणून पक्षाने त्यांनाच पाठवलेलं. हातात फोन, फोनवर पक्षाचे मुंबईचे साहेब.

"भाऊ, साहेबांशी दोन शब्द बोला."

भाऊंनी फेसाने भरलेल्या कानाकडे बोट दाखवलं.

"मग समोर चला, एक सही करा. नाहीतर तुमच्या बँकेची चौकशी लावतील."

"लावू दे. खुर्च्या मीच मांडतो त्यांना."

आबांनी फोनवर हात ठेवला, आवाज उतरवला. "निदान लपायचं तरी होतं. सापडले नाहीत, असं सांगितलं असतं मी वर."

"इतकी वर्षं बँकेचा चेअरमन होतो, आबा. कर्ज बुडवून पळालेल्यांना शोधत हिंडलो. आता मीच पळू?"

आबा मगनकडे वळले. "आटप रे बाबा."

"आटपतोच ना," म्हणत मगनने काचेबाहेरच्या बघ्यांकडे मान करून ब्रश पुन्हा भिजवला. "आज बठ्ठा गाव देखी राह्यना. एखादा केस राहिला तर नाव माझं जाईल."

दुसरा हात झाला. मग तिसरा. तीन वाजले आणि समोर कचेरीच्या शिपायाने दार लावून घेतलं. साहेबांनी फोन कधी ठेवला, ते आबांना कळलंही नाही.

मगन वाटी धुवायला निघाला. आबांची नजर वाटीत गेली. पाण्यावर नुसता पांढरा फेस. केस एकही नव्हता.

"सकाळीच केली होती," भाऊ म्हणाले आणि लाल झालेल्या गालांवर तुरटी फिरवू लागले.

फोन पुन्हा वाजला. साहेबच. आबांनी तो वाजतच खिशात टाकला आणि ते शेजारच्या खुर्चीत बसले.

"मगन, मलाही साबण लाव," ते म्हणाले. "कानापर्यंत."