दिसतं तेच काढा

चित्रकलेच्या सरांचा एकच हेका होता, "दिसतं तेच काढा. पदरचं काही घालू नका आणि समोरचं काही गाळू नका!" कुणाकडे खोडरबर दिसलं, की ते थेट सरांच्या खिशात जायचं.

सरांची नोकरी कायम करायची की नाही हे ठरवायला मुख्याध्यापिकाबाईंनी आज त्यांच्या वर्गाची चित्रं मागवली होती. सरांनी नेहमीची पोचे पडलेली किटली टेबलावर मांडली, "करा सुरुवात" म्हणाले आणि टेबलामागच्या खुर्चीत टेकले. तासभर वर्ग चिडीचूप होता. घंटा होताच सर चष्मा सावरत उठले, भराभर कागद गोळा केले आणि गठ्ठा तसाच बाईंपुढे नेऊन ठेवला.

"माझ्या कामाबद्दल मी काय बोलू, बाई? मुलांची चित्रंच बोलतील."

बाईंनी एकेक कागद निरखून पाहिला. "किटली अगदी हुबेहूब आहे हं, सर. झाकणाचा पोचासुद्धा कुणी सोडला नाही."

सरांची मान ताठ झाली.



"फक्त एकाही चित्रात तुम्ही जागे नाही."